भांडारातून नाहीसे झालेले हात

१

"ताई, तुमच्या आईचे हात दिसेनासे झालेत हो!"

सकाळी सकाळी फोनवर असं कोणी म्हणालं तर माणसानं काय समजायचं? लेक दात घासता घासता तशीच उभी राहिली. आई जाऊन दोन महिने होत आले होते. झोपेतच गेली, कुणाला हाक मारायचा त्रासही न देता. त्यानंतर फोन वाजला की आधी ती धावत सुटायची आणि मग आठवायचं की आता घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही.

फोन चिमणीचा होता. चिमणी म्हणजे आईची जुनी विद्यार्थिनी. श्वास न घेता बोलायची म्हणून हे नाव आईनंच ठेवलेलं. आता ती लांबच्या एका छोट्या इस्पितळात होती आणि अर्धांगानं निकामी झालेल्या हातांना पुन्हा कामाला लावायचं शिकवत होती. आईनं आयुष्यभर तेच केलं.

"कुठले हात? नीट सांग बघू."

"अहो, बाईंचे धडे! भांडारातले! महिन्याभरापूर्वी एक उघडेना, वाटलं आमचं नेट नेहमीसारखं मेलंय. मग दुसरा, मग तिसरा. आज शर्टाचं बटण लावायचा धडा गेला. माझ्यासमोर पेशंट बसलेत, बटण हातात धरून. त्यांना काय सांगू, बाई रुसल्या म्हणून?"

भांडार म्हणजे आई जिथे शिकवायची त्या पुनर्वसन संस्थेचं डिजिटल भांडार. संस्थेतल्या माणसांनी लिहिलेले प्रबंध, लेख, दिलेली व्याख्यानं, सगळं ग्रंथालयानं एके ठिकाणी जपून ठेवलेलं. जगाच्या पाठीवर कुठूनही कुणीही उघडावं आणि पाहावं. आईचे 'हातांचे धडे' तिथलेच. शंभराच्या आसपास छोटे छोटे व्हिडिओ. चिमटा कसा दाबायचा, पेला कसा धरायचा, किल्ली कशी फिरवायची.

लेकीनं लॅपटॉप उघडला. बटणाच्या धड्याचं पान जागेवर होतं. नाव होतं, आईनं लिहिलेलं वर्णन होतं, चित्रीकरणाची तारीख होती. फक्त जिथे व्हिडिओ चालायचा तिथे करडा चौकोन, त्यावर 'ही फाइल सध्या खुली नाही' आणि खाली एक बटण: 'प्रत मागा'.

"मी मागितली ना, आधीच्या धड्यांची प्रत," चिमणी म्हणाली. "तीनतीनदा मागितली. कुणी उत्तरच देत नाही."

लेकीनं खुर्ची ओढून बसून घेतलं. घरात या धड्यांची एकही प्रत नव्हती. आईनं ठेवूच दिली नव्हती. "ते रुग्ण आहेत, आपल्या कपाटातली भांडी नाहीत," म्हणायची. आईला फोटो काढून घ्यायचा कंटाळा, आवाज टिपून ठेवायचा तर त्याहून. ती बोलताना, हसताना, कुणाचं मनगट हातात घेताना जी काही उरली होती ती त्या धड्यांमध्येच होती. आणि ते एकेक करून कुणीतरी विझवत होतं.

२

अशा वेळी माणसानं पोलिसांत जावं की देवळात, हे लेकीला ठरवता आलं नसतं. तिनं मावशीला फोन केला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सगळी नोकरी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेली. कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी समोरचा माणूस तिला आधी परीक्षार्थी वाटायचा, मग माणूस.

"रडतेयस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तयार हो. रडायचं नंतर बघू. आधी कोणी कुणाचं उत्तर खोडलंय ते बघू."

ग्रंथालयाचा वाचनकक्ष शांत होता. खिडकीशी दोन विद्यार्थी स्कॅनरवर एक जुना प्रबंध पानापानानं पसरून ठेवत होते. डिजिटल विभागाच्या ग्रंथपालबाई दोन वर्षांपूर्वीच आलेल्या. चष्मा गळ्यात, पेन केसांत. दोघींना पाहून उठल्या, लेकीचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. मावशीनं ते टिपलं.

"एखादी तांत्रिक अडचण असेल," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "भांडारातून आम्ही काही काढून टाकत नाही. तोच तर भांडाराचा पहिला नियम. इथे ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला एक कायमचा पत्ता असतो. उद्या यंत्रं बदलली, इमारत बदलली, तरी त्या पत्त्यावर माणूस पोचलाच पाहिजे. एखादी वस्तू काढावीच लागली, तर पानावर तसं लिहून ठेवतो, 'ही वस्तू काढून घेतली आहे' म्हणून. कबरीवरच्या दगडासारखं." मग जीभ चावली. "माफ करा."

"असू दे," लेक म्हणाली.

"म्हणजे धडे काढलेले नाहीत," मावशी म्हणाली. "कारण दगड नाही. बंद केलेत. कोणी?"

"बघावं लागेल."

"बघा ना. आम्हाला कुठे गाडी पकडायचीय?"

ग्रंथपालबाईंनी काहीतरी टाइप केलं आणि पडदा अलगद आपल्याकडे वळवला.

"बाई," मावशी अगदी प्रेमानं म्हणाली, "चाळीस वर्षं पाहतेय. पेपर असा छातीशी धरला की समजावं, खाली चिठ्ठी आहे. वळवा तो इकडे."

ग्रंथपालबाईंचे कान लाल झाले. त्यांनी पडदा वळवला. "मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. कुणाला सांगायचं धाडस झालं नाही. संस्थेची बदनामी होईल असं वाटलं, आणि तुम्हाला तर कुठल्या तोंडानं सांगणार?"

प्रत्येक बंद धड्यापुढे एक ओळ होती. कधी बंद झाला आणि कुणाच्या खात्यातून बंद झाला. लेकीनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मग तारखा पुन्हा वाचल्या.

सगळे धडे आईच्या खात्यातून बंद झाले होते. आई गेल्यानंतर.

३

"भुतं संगणक वापरत नाहीत," जिना उतरताना मावशी म्हणाली. "आणि वापरत असती तरी तुझी आई वापरणार नाही. तिला पासवर्ड लक्षात राहायचा नाही. कुणीतरी तिच्या नावानं आत शिरलंय. आता ज्याच्याकडे किल्ल्या, त्याच्याकडे चला."

किल्ल्या होत्या ढगोबाकडे. हा संस्थेचे सर्व्हर सांभाळायचा. काहीही विचारलं की "ते क्लाउडवर आहे" म्हणायचा म्हणून सगळ्या संस्थेनं त्याचं बारसं केलेलं. तळघरातल्या त्याच्या खोलीत इतका गारठा की तो भर दुपारी लोकरी टोपी घालून बसायचा.

"जागा कमी पडतेय म्हणून ओरडत होतास म्हणे," मावशीनं बसता बसताच तीर सोडला.

"ओरडत होतो कसला, अजून ओरडतोय. पण मावशी, बाईंचे धडे काढून मला काय मिळणार? तुमचं घर भरलंय म्हणून तुम्ही टाचणी फेकाल का? ते सांध्यांचे स्कॅन आहेत ना, एकेक हत्तीएवढा. बाईंचे सगळे धडे मिळून त्याची शेपूटही होणार नाही. शिवाय बंद केल्यानं जागा सुटत नाही. फाइल तिथेच असते, दार तेवढं लागतं."

"आणि तिच्या नावानं दार लावायला कुणी शिरलं असेल तर?"

ढगोबानं टोपी काढली.

"शिरणार कसं? संस्थेतलं कुणी गेलं की मला कळवतात, त्याचं खातं मी बंद करतो. बाईंचं मी स्वतः केलं. त्याच दिवशी, स्मशानातून आल्यावर. दुसऱ्या कुणी करू नये असं वाटलं." तो पंख्यांच्या घरघरीकडे वळला. "माझ्या वडिलांचा डावा हात त्यांनी चालता केला. आमच्याकडे वडील रोज स्वतःची दाढी स्वतः करतात, ती बाईंमुळे."

 लेकीनं नुसती मान हलवली.

मावशीला मात्र पुढचं दिसत होतं. "एक मिनिट. खातं त्याच दिवशी कुलूपबंद. आणि धडे बंद झाले ते त्यानंतर, त्याच खात्यातून?"

"तेच तर," ढगोबा पडद्याकडे बघत हळूच म्हणाला. "त्या खात्यातून त्यानंतर कुणी आत आलेलंच नाही. एकदाही नाही. खोलीला बाहेरून कुलूप, आत कुणी नाही, आणि तरी आतून कुणीतरी एकेक दिवा मालवतंय."

४

संशयितांपैकी उरले आईच्या विभागाचे प्रमुख. मावशीनं त्यांना पाहण्याआधीच त्यांचं नाव 'टायसाहेब' ठेवलं होतं आणि पाहिल्यावर ते बदलायची गरज पडली नाही.

"हो, मी म्हणालो होतो," त्यांनी सरळच सांगितलं. "बैठकीत म्हणालो होतो की बाईंचे धडे आता मागे घ्यावेत. प्रकाश वाईट, मागे दारं आपटतात, एका धड्यात तर कुणीतरी येऊन 'बाई, चहा' म्हणून जातं! आम्ही स्टुडिओत नवे केले. तीन कॅमेरे लावून."

"मग? ऐकलं तिनं?"

"हसल्या. म्हणाल्या, तुमचे चांगले झाले की माझे आपोआप म्हातारे होतील, ढकलायला कशाला लागतं?"

"आणि मग तुम्ही ढकललेत."

टायसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी आपला लॅपटॉप उघडून मावशीपुढे सरकवला. त्यांच्या नव्या अभ्यासक्रमाचं पान होतं. चकचकीत व्हिडिओ, आणि प्रत्येकाखाली एक ओळ: 'मूळ पद्धत पाहा', आणि पुढे आईच्या धड्याचा भांडारातला कायमचा पत्ता.

"माझे व्हिडिओ दिसायला छान आहेत," ते म्हणाले. "पण त्यांत आहेत विद्यार्थी. धडधाकट हात. नटासारखे थरथरतात बिचारे. खरा अडखळणारा हात आणि त्याला न ढकलता वाट बघणारा दुसरा हात, हे बाईंच्याकडेच. मुलं माझं पाहतात आणि मग खालच्या पत्त्यावर जाऊन शिकतात. आता तिथे गेलं की करडा चौकोन. परवा वर्गात माझीच शोभा झाली." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "मीही त्यांचाच विद्यार्थी. बैठकीत ते विसरायला होतं."

बाहेर आल्यावर मावशी पायरीवर बसली. तिचा गुडघा दुखत होता आणि त्याहून जास्त तिचा अभिमान.

"जागा हवी होती त्याला जागा मिळाली नाही. नाव हवं होतं त्याचं नाव गेलं. जिनं लपवलं तिनं भीतीपोटी लपवलं. तिघंही साफ, आणि पेपर तर फुटलाय. बाळ, मी म्हातारी झाले बहुतेक."

"मावशी," लेक म्हणाली, "आपण मघापासून 'कोणी' एवढंच विचारतोय. 'कुठले' विचारलंच नाही."

मावशीनं मान वर केली.

५

पुन्हा वाचनकक्ष. ग्रंथपालबाईंनी त्यांना मोठा पडदा दिला आणि या वेळी आपणहून शेजारी बसल्या. ढगोबाही टोपी खिशात कोंबून वर आला.

लेकीनं धडे एकामागून एक उघडले. चिमटा दाबायचा धडा उघडा. गोट्या वेचायचा उघडा. पुठ्ठा कापायचा उघडा. आईचे हात, तिच्या करंगळीवरचा भाजल्याचा डाग, तिचा आवाज. लेकीला वाटलं होतं की ऐकवणार नाही. पण आई कामाचंच बोलत होती, आणि कामाचं बोलणाऱ्या माणसापुढे रडता येत नाही.

"या उघड्या धड्यांमध्ये आई एकटीच आहे," ती म्हणाली. "बंद झालेत त्या प्रत्येकाच्या वर्णनात दुसरं माणूस आहे. पेला उचलणारे मास्तर. किल्लीवाल्या आजी. बटण लावणारे शिंपीकाका. एकही अपवाद नाही."

"पण हा बघा की," ढगोबानं एक दाखवला. "यात पेशंट आहे आणि हा चालू आहे."

"तो पुढच्या महिन्यात चित्रित केलेला आहे."

"पुढच्या महिन्यात?" ग्रंथपालबाई चक्रावल्या.

"म्हणजे पूर्वीच्या कुठल्यातरी वर्षी, पण पुढच्या महिन्यातल्या तारखेला. हे बघा. मास्तरांचा पेला ज्या तारखेला चित्रित झाला, त्याच तारखेला या वर्षी बंद झाला. आजींची किल्ली तशीच. शिंपीकाकांचं बटणही आजच्याच तारखेचं, सात वर्षांपूर्वीचं."

मावशीनं चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. "प्रत्येक धडा आपापल्या वाढदिवसाला बंद पडलाय. अगं, चोर काय मुहूर्त काढून चोरी करतो का? आणि ते बटण, 'प्रत मागा'! नसलेल्या वस्तूची प्रत कुणी मागायला लावत नाही. ते बटण दाबलं की निरोप जातो कुणाला?"

"ज्यांनी वस्तू ठेवली त्यांना," ग्रंथपालबाई म्हणाल्या. चिमणीच्या तिन्ही हाका आईच्याच टपालात जाऊन पडल्या होत्या.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. चिमणीच. तिच्या इस्पितळात नेट वारंवार जायचं, म्हणून बटणाचा धडा तिनं कधीकाळी उतरवून ठेवला होता. तो जुन्या टॅबमध्ये आता सापडला होता. नुसता बटणापुरता नव्हे, शेवटपर्यंत. "बटण लागलं की आम्ही बंद करतो ना, पुढचं कधी पाहिलंच नव्हतं. बघाच तुम्ही."

त्यांनी तो पडद्यावर लावला. शिंपीकाकांचा हात बटणापाशी जाऊन जाऊन घसरत होता. आईचा हात शेजारी नुसता थांबलेला. बराच वेळ. मग बटण काजात गेलं, काका मोठ्यानं हसले, आणि चित्र संपतंय असं वाटत असताना आईचा आवाज आला. धड्यातला नव्हे, रोजचा.

"काका, हे लोकांनी पाहिलं तर चालेल ना?"

"चालेल की. कितीदा विचाराल?"

"अजून पुष्कळदा. आत्ता वर्षभरासाठी हो म्हणालात. पुढच्या वर्षी घरी येऊन परत विचारीन. तेव्हा नको वाटलं तर नको म्हणायचं, मला वाईट वाटेल याचा विचार करायचा नाही."

चित्र थांबलं. 

"गुरुवार," लेक म्हणाली. "दर गुरुवारी दुपारी ती बाहेर जायची. निवृत्त झाल्यावरसुद्धा. कुठे म्हटलं की 'एकाला एक विचारायचंय' म्हणायची. मला वाटायचं, घरी तिला करमत नाही."

मग ती ढगोबाकडे वळली. "फाइल किती दिवस खुली ठेवायची, अशी मुदत आधीच घालून ठेवता येते का?"

ढगोबानं कपाळावर हात मारला. "येते! जुन्या प्रणालीत ती पानावर दिसायचीसुद्धा. 'अमुक तारखेपर्यंत खुली.' आपण नवी प्रणाली आणली तेव्हा मुदती आल्या, पण पानावर त्या दाखवायला जागाच ठेवली नाही आम्ही. कुणाला वाटलं की लागेल?" त्याची बोटं चालू लागली. "या बघा. पेशंट असलेल्या प्रत्येक धड्याला एक वर्षाची मुदत. बाई दर वर्षी स्वतः आत येऊन ती वर्षानं पुढे ढकलत होत्या. या वर्षी ढकलली गेली नाही. मुदत संपली की यंत्रानं दार लावलं. नियम ज्यांनी घातला त्यांच्या नावानं."

"म्हणजे बंद तिनंच केलं," मावशी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच परीक्षा विभागातला नव्हता. "शब्द दिला होता ना, वर्षभराचा. गेल्यावरसुद्धा मोडला नाही ताईनं."

६

"हे लगेच सोडवता येईल," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांना फार हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटलेल्या माणसाला उपकार करायची घाई असते. "संस्थेच्या कागदांवर रुग्णांनी कायमची परवानगी दिलेली आहे. दर वर्षी विचारायचं हे बाईंचं स्वतःचं होतं, संस्थेचं नव्हे. मी मुदत काढून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर. सगळे धडे खुले, पुन्हा कधी बंद होणार नाहीत."

बोट बटणावर होतं. लेकीनं पडद्याकडे पाहिलं. एवढं एक 'हो' म्हटलं की आई कायमची खुली. चिमणीचे पेशंट, टायसाहेबांचा वर्ग, सगळ्यांचं भलं. आणि घरी परतल्यावर, रिकाम्या स्वयंपाकघरात, वाटेल तेव्हा तो रोजचा आवाज.

"नको," ती म्हणाली. "मी विचारून येते."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तोपर्यंत बंद राहू देत."

"वेळ लागेल, ताई."

"गुरुवार आहेत की."

मावशीनं पर्स उचलली. जिन्यात तिनं लेकीचा दंड धरला. गुडघ्यासाठी धरला असं ती म्हणाली.

७

शिंपीकाका दारातच म्हणाले, "बाई आल्या नाहीत म्हणजे काहीतरी झालंय हे मी ओळखलं होतं." त्यांनी आत नेलं, पाणी दिलं. "मी दर वर्षी भांडायचो. म्हणायचो, एकदा हो म्हटलं ना. तर म्हणायच्या, हो म्हणालेला माणूस वर्षानं लहान होता, त्याचं तुम्ही कशाला चालवून घेता?" त्यांचं हो होतं. मास्तर याच वर्षी वारले होते, त्यांच्या मुलानं पेल्याचा धडा, ग्रंथपालबाईंनी घरच्यांना दाखवण्यापुरता दिलेला, पहिल्यांदाच तिच्या फोनवर पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "राहू दे खुला. बाबा इतके चिकाटीचे होते, मला ठाऊकच नव्हतं. आभार मानायचे तर आता कुणाचे मानू?" किल्लीवाल्या आजींना ऐकू येत नव्हतं, सुनेनं कानात ओरडून विचारलं तेव्हा त्यांनी लेकीच्याच गालावरून हात फिरवला आणि 'हो हो' म्हणत राहिल्या.

गुरुवारामागून गुरुवार. धडे एकेक करून उघडत गेले, प्रत्येक एका वर्षासाठी, आता लेकीच्या नावानं. ढगोबानं पानावर मुदत दिसायची सोय करून दिली. 'प्रत मागा'चे निरोप तिच्याकडे येऊ लागले. अनोळखी नावं, अनोळखी इस्पितळं, आणि बहुतेकांत शेवटी एक ओळ जास्तीची, की बाईंना आमचे आभार कळवा. ती प्रत्येकाला उत्तर लिहायची. कळवता येणार नाही हे सांगून झालं तरी आभार परत पाठवता येत नाहीत. मग ती ते ठेवून घ्यायची.

उरला कात्रीचा धडा. आईच्या सगळ्या धड्यांत मोठा आणि सगळ्यांत जास्त पाहिलेला.

त्यातली बाई केस कापायचं काम करायची. पंचेचाळिशीत उजवी बाजू गेली, आईनं दीड वर्ष खपून हात परत आणला. आता तिचं स्वतःचं छोटंसं दुकान होतं, दोन खुर्च्या आणि एक लांब आरसा. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. लेकीनं सांगितलं, विचारलं. बाईनं टॉवेल घडी करता करता ऐकून घेतलं.

"नको," ती म्हणाली.

लेकीनं फोन पर्समध्ये ठेवला.

"बाई विचारायच्या तेव्हा मी हो म्हणायचे. पण आता दुकान माझं आहे. काही महिन्यांपूर्वी एक मुलगी खुर्चीत बसली, मोबाइलवर तो धडा दाखवून म्हणाली, 'या तुम्हीच ना? आता हात थरथरणार नाही ना?' हसत म्हणाली, वाईट नव्हती ती. पण उठून गेली." तिनं टॉवेल रचून ठेवला. "उपकार विसरले असं समजू नका."

"नाही समजत. बंदच राहील. मी आजच तसं करते."

"तुम्हाला वाईट वाटलं."

"हो," लेक म्हणाली. "त्यात आई खूप बोलते, असं चिमणीनं सांगितलं होतं. मी तो कधी पाहिला नव्हता. पण त्याचा विचार तुम्ही करायचा नाही."

बाईनं तिच्याकडे आरशातून नीट पाहिलं. मग पुढे होऊन खुर्ची तिच्या बाजूला फिरवली.

"बसा. केसांची टोकं पार गेलीत तुमची. आई गेल्यापासून कापले नसतील."

नव्हतेच कापले. लेक बसली. गळ्याभोवती कापड आलं, मानेवर पाण्याचा फवारा आला. बाईनं कात्री उचलली. उजव्या हातानं. आधी अंगठा आत गेला, मग जरा थांबून अनामिका, मग करंगळी आपल्या जागी टेकली. घाई कुठेच नव्हती. लेकीच्या कानामागे पहिली बट चिमटीत धरली गेली.

"अंगठा पुढे," बाई स्वतःशीच पुटपुटली, ओठांतल्या ओठांत, तिला तरी ते ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. "अंगठा पुढे. बाकीचे येतात मागून. आपण फक्त थांबायचं."

शब्द तिचे नव्हते, चालही तिची नव्हती. लेकीनं डोळे मिटून घेतले आणि मान हलू न देता बसून राहिली. कात्री सरळ, एका लयीत चालत होती.